तळ्यावरचा हात

धाकटा बहिणीची समजूत काढायला आला, तेव्हा थोरली ओसरीवर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. बसली होती एवढंच. सुतात गाठ मारावी आणि ती पुन्हा सोडावी, असं तिचं बराच वेळ चाललं होतं.

"ताई, उद्या जरा घसा खाकरून बोल हं," तो उंबऱ्यावर टेकत म्हणाला. "तुझं ते नेहमीचं पुटपुटणं नको. साहेबलोक येणार आहेत. मागे खुर्च्यांवर बसणार. त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"तुला चेष्टा सुचते आहे."

"मग काय रडू? शिक्षा मला व्हायची आणि तोंड तुझं उतरलंय."

थोरलीने जाळं बाजूला सारलं. धाकटा आता आजोबा व्हायच्या वयाचा झाला होता, केस पांढरे झाले होते, पण बहिणीसमोर बसला की अजूनही गुडघे छातीशी घेऊन बसायचा. आई गेली तेव्हा तो तिच्या कमरेएवढा होता. त्याला न्हाऊ घालण्यापासून त्याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनेच केलं होतं. स्वतःच्या संसाराचं राहूनच गेलं, आणि राहिल्याचं तिला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. तो होता.

आणि उद्या त्याची शिक्षा तिलाच सांगायची होती.

तळ्याकाठच्या या लोकांची रीतच तशी होती. ज्याच्या हातून चूक घडेल, त्याची शिक्षा त्याच्या सगळ्यात जवळच्या माणसाने सांगायची. परक्याने सांगितली की मनात अढी राहते, आणि एकाच पाण्यात जाळी टाकणाऱ्यांनी मनात अढी ठेवून कसं चालेल, असं जुनी माणसं म्हणत. आता घरचं माणूस म्हटलं की ते हात राखून बोलणार, हा संशय यायचाच. तो येऊ नये म्हणून घरचं माणूस सरळ सगळ्यात मोठी शिक्षा सांगून मोकळं होई. 'याचा तळ्यावरचा हात काढा,' असं म्हणे. म्हणजे त्या माणसाने जन्मभर या पाण्यात जाळं टाकायचं नाही, वल्हं धरायचं नाही, होडीला बोटसुद्धा लावायचं नाही. ते ऐकलं की बाकीचे एकच गलका करत, अहो असं काय, एवढं काय झालंय, आणि ओढून ओढून ती शिक्षा खाली आणत. मागे एका काकाने वल्हं चोरणाऱ्या पुतण्याचा हात काढायला सांगितलं होतं. ते खाली येता येता सगळ्यांची जाळी एक हंगाम शिवून देण्यावर आलं. पुतण्या नंतर म्हणत फिरत होता, त्यापेक्षा हात काढला असता तर बरं झालं असतं.

खरोखर हात काढलेला माणूस मात्र कोणी पाहिलेला नव्हता.

"मी वर्षभराचं सांगते," थोरली म्हणाली. "वर्षभर जाळं टाकू नये, बस."

"अजिबात नाही." धाकटा एकदम सरळ बसला. "बहिणीने भावाला सांभाळून घेतलं, असं लिहितील ते. त्यांना तेच तर बघायचंय. तू आपलं नेहमीचं सांग. हात काढा म्हण. खणखणीत म्हण. लोक आणतील की खाली. आणत नाहीत का?"

"आणतात," ती म्हणाली.

"मग झालं तर."

धाकट्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. तळं पिढ्यान् पिढ्या या लोकांचंच होतं, पण मधल्या काळात ते सरकारी खात्याचं झालं आणि खात्याने ते ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराची माणसं बारीक विणीची जाळी लावून अंडी-पिल्लांसकट सगळं उपसून नेत. ज्यांचं तळं, ते त्याच्याच काठावर चोर ठरले. या दोघांच्या बापाचं निम्मं आयुष्य कचेरीच्या बाकावर गेलं. बाकाला टेकून बसल्या जागीच तो एके दुपारी गेला, आणि शिपायाला वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली आहे. एवढं सगळं झाल्यावर आता कुठे हुकूम निघाला होता, की तळ्याचा कारभार तळ्याच्या लोकांनी करावा. तोही कायमचा नव्हे. यांना आपलं आपण सांभाळता येतं का, हे आधी खातं बघणार होतं. मग शिक्का.

लोकांनी पहिलं काम केलं ते जुनं राखलेलं पाणी पुन्हा राखायचं. लव्हाळ्यांच्या कडेचा तो पट्टा, जिथे मासे अंडी घालतात. तिथे जाळं टाकायचं नाही, होडीही न्यायची नाही. आणि त्या राखलेल्या पाण्यात पहिलं जाळं टाकलं ते धाकट्याने.

कारण ऐकलं तर हसू यावं. त्याच्या मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच घरी येणार होती. धाकट्याने लग्नात व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्याकडे या, हा एवढा मासा खाऊ घालतो. दोन्ही हात फाकवून दाखवला होता. ऐन वेळी उघड्या पाण्यात बोटभर मासळी मिळेना. तेव्हा तो पहाटे लव्हाळ्यांत शिरला आणि बोलल्याप्रमाणे मासा घेऊन आला. कोणी पाहिलं नव्हतं. कोणाला कळलंही नसतं. पण याच्या पोटात काही राहील तर शपथ. चार दिवसांनी होड्यांपाशी त्याने स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगितली, माशाच्या तोंडचे संवादसुद्धा घालून. लोक आधी हसले. मग एकेकाचं हसू थांबलं.

"मासा तरी चांगला होता का रे?" थोरलीने त्या संध्याकाळी विचारलं.

"कुठला? पोटात अंडी भरलेली. व्याह्यांना तो आवडलाही नाही." मग म्हणाला, "चीर दिली तेव्हा दिसलं ते. तेव्हाच मला कसंतरी झालं, ताई."

बैठकीचं घर म्हणजे एक लांबट खोली, तीन बाजूंना खिडक्या, मधे जमिनीवर गोल करून बसायला चटया. त्या दिवशी दाराजवळच्या भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या, शाळेतून आणलेल्या. त्यांवर खात्याचे मोठे साहेब, त्यांच्या हाताखालच्या एक बाई आणि आणखी दोघं बसले. चेहऱ्यावरून माणसं वाईट नव्हती. बाईंनी तर येताना सगळ्यांना नमस्कार केला. पण त्यांच्यासाठी म्हणून प्रत्येकजण धुतलेले कपडे घालून आला होता, आणि धुतलेल्या कपड्यांत माणूस जरा ताठच बसतो.

मधे मामा बसले. ते कोणाचे मामा होते ते आता कोणाला आठवत नव्हतं. सगळेच त्यांना मामा म्हणत. मधे बसणाऱ्याने स्वतःचं मत द्यायचं नाही, फक्त विचारायचं, हा नियम. चूक करणाऱ्याने तोंड उघडायचं नाही आणि शिक्षा सांगणाऱ्याने विनवणी करायची नाही, हेही ठरलेलं. जे काय वर-खाली करायचं ते बाकीच्यांनी, आणि तेही बैठक उठायच्या आत. माणसं उठली की शब्द कायम.

मामांनी काय घडलं ते थोडक्यात सांगितलं. धाकट्याला विचारलं, खरं का? त्याने मान हलवली. मग मामा थोरलीकडे वळले. "बाई, तुझा भाऊ आहे. सांग."

थोरलीने घसा खाकरला. आयुष्यात ती चारचौघांत कधी मोठ्याने बोलली नव्हती. पण भावाने सांगितलं होतं, मागे ऐकू गेलं पाहिजे, म्हणून ती उभी राहिली आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "यानं राखलेल्या पाण्यात जाळं टाकलं. याचा तळ्यावरचा हात काढा."

आणि खाली बसली. आपण चांगलं बोललो, असं तिला वाटत होतं. समोर धाकट्याने डोळ्यांनीच तिला शाबासकी दिली.

"कोणाला काही म्हणायचंय?" मामांनी विचारलं.

कोणी काही म्हटलं नाही.

थोरली खाली मान घालून चटईचे काठ बघत होती. आता होईल गलका, आता होईल. मागची एक खुर्ची करकरली. कोणीतरी खोकलं. तिने मान वर केली. समोर बसलेल्या शेजारणीचे ओठ उघडले होते, पण ती थोरलीकडे बघत नव्हती, खुर्च्यांकडे बघत होती. तिच्या पलीकडे होड्या बांधणारा सुतार बसला होता. तो शेजारणीकडे बघत होता. सुताराचा भाऊ सुताराकडे. सगळे कोणाच्या ना कोणाच्या तोंडाकडे बघत होते.

"कोणाला काही म्हणायचंय का?" मामांनी पुन्हा विचारलं. खरं म्हणजे एकदाच विचारायचं असतं.

आणि तेव्हा थोरलीच्या ध्यानात आलं. दर वेळी पहिलं तोंड कोण उघडायचं? वल्ह्याच्या वेळी कोण म्हणालं होतं, "अहो काका, पोराचं वय काय, वल्ह्याचं वय काय, ते वल्हं आपणहून पळालं असेल"? दारू पिऊन होडी बुडवणाऱ्याच्या वेळी कोण बोललं होतं आधी? सुताराच्या वेळी? दर वेळी धाकटा. तो काहीतरी वेडंवाकडं बोलायचा, लोक हसायचे, आणि हसता हसता सगळ्यांची तोंडं सुटायची. असा काही नियम नव्हता. त्याला कोणी नेमलं नव्हतं. त्याच्या जिभेला खाज होती म्हणून तो बोलायचा, आणि इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, की हा नसला तर सुरुवात कोण करणार.

आज त्याने बोलायचं नव्हतं. आणि तिनेही नाही.

धाकटा अजून हसरा चेहरा करून बसला होता. येणाऱ्या गलक्यासाठी तो चेहरा त्याने तयार ठेवला होता आणि आता तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

"बोला रे," मामा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "म्हणजे... काही असेल तर बोला."

साहेब बाईंच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजले. बाईंनी डोळे मोठे करून थोरलीकडे पाहिलं आणि मान डोलावली. ते पाहून सगळ्यांच्या पाठी आणखीच ताठ झाल्या. थोरलीच्या घशाशी शब्द आले होते. नियम गेला खड्ड्यात, असं तिला ओरडायचं होतं. तिने एक हात जमिनीला टेकवला, उठण्यासाठी.

धाकट्याने ते पाहिलं. बहीण उठली तर काय बोलेल हे त्याला ठाऊक होतं, आणि मागे खुर्च्यांवर कोण बसलं आहे हेही. तिच्याआधी तो उठला. दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला आणि दाराकडे चालायला लागला. एकजण उठला म्हणून त्याला वाट द्यायला दुसरा उठला, मग तिसरा. बैठक उठली होती.

साहेब निघताना मुद्दाम थोरलीपाशी आले. "कमाल आहे बाई तुमची," ते म्हणाले. "सख्खा भाऊ! आमच्या कचेरीत मला एका शिपायाची बदली करता येत नाही. मी वर कळवतो, या लोकांना शिकवायला आपण जायची गरज नाही." ते अगदी मनापासून बोलत होते. थोरलीने मान हलवली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने चटई गुंडाळायला घेतली, तर चटईवर अजून एक म्हातारी बसलेली होती.

त्या दिवसापासून लोक तिच्या घरी येऊ लागले. शेजारीण आली, पदर तोंडाला लावून. "मी बोलणारच होते गं. तोंड उघडलंच होतं मी. मला वाटलं, सुतारभाऊ बोलतील." सुतार आला. "मला वाटलं, बायकांपैकी कोणीतरी बोलेल. आणि ते साहेब! म्हटलं, लगेच विनवण्या केल्या तर म्हणतील, आधी ठरवून आलेत." ज्या पुतण्याने वल्हं चोरलं होतं तोही आला आणि काहीच न बोलता बसून राहिला. प्रत्येकाच्या ओठावर ते वाक्य होतं. अगदी बोलणारच होतो. थोरली प्रत्येकाला पाणी देई आणि ऐकून घेई. रागावण्यासारखं एकही माणूस तिला त्यांत सापडलं नाही, आणि तेच तिला सोसवेना.

शेवटी ती मामांकडे गेली.

"मी शब्द परत घेते," ती दारातच म्हणाली. "पुन्हा बैठक बोलवा."

मामा खाटेवर बसले होते. त्यांनी जेवणाचं ताट तसंच बाजूला ठेवलं होतं. "बोलवतो," ते म्हणाले. "तू म्हणशील तर आत्ता घरोघर फिरून बोलवतो. सगळे येतील. सगळे बोलतील. आता काय, आता सगळ्यांना तोंडं फुटली आहेत." मग थांबून म्हणाले, "पण शिक्का अजून व्हायचाय, पोरी. ठेकेदाराचा माणूस कचेरीत रोज चहाला बसतो. काल काढलेला हात आज पुन्हा लावला, तर तो काय सांगेल? नाटक होतं म्हणेल. पाहुणे गेले, नाटक संपलं."

"मग काय करू?"

"मी कसं सांगू? मला सांगायचं नसतं. मी फक्त विचारायचं." मामांचे डोळे भरून आले होते. "परक्यानं आमचं ठरवू नये, एवढंच मागत आपण म्हातारे झालो की नाही? आता आपणच ठरवलंय. आता कोणाकडे जाऊन रडायचं?" आणि जुन्या सवयीने त्यांनी विचारलं, "बोल. बोलवू बैठक?"

'उद्या सांगते' म्हणून थोरली घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाकडे गेली, तर भावजय भांडी कापडात गुंडाळून पेटीत भरत होती. मुलीकडे जायचं ठरलं होतं. तळ्यापलीकडच्या गावात, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. हात काढलेल्या माणसाने तळ्याकाठी राहून तरी काय करायचं?

"बसा वन्सं," भावजय म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना माया. ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

"मामा बैठक बोलावताहेत," थोरली भावाला म्हणाली. "मी हो सांगणार आहे."

"आणि तळं?"

"तळ्याचं मला काही सांगू नकोस."

"तुला नाही तर कोणाला सांगू? बाबा कचेरीत गेले तेव्हा त्यांना आणायला आपण दोघंच गेलो होतो. त्यांच्या मांडीवर जेवणाचा डबा तसाच होता, आठवतं? उघडलेलासुद्धा नव्हता." धाकट्याने पेटीचं झाकण लावून पाहिलं, ते लागेना. "मी एका माशासाठी राखलेल्या पाण्यात गेलो. आता एका माणसासाठी सगळंच पाणी घालवू म्हणतेस?"

"तूच म्हणाला होतास, खणखणीत सांग."

"हो, मीच म्हणालो होतो."

"मी वर्षभराचंच सांगणार होते."

"माहीत आहे." तो झाकणावर बसला, ते दाबायला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "मला राग आलाय, ताई. सगळ्यांचा आलाय. माझा आलाय. तुझाही आलाय थोडा, खोटं कशाला बोलू. जाईल हळूहळू. पण आत्ता आहे."

त्याने तिच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. हेही लपवलं नाही. थोरली उठून त्याच्या शेजारी पेटीवर जाऊन बसली. दोघांच्या वजनाने झाकण लागलं. भावजयीने पुढे होऊन कडी घातली.

थोरलीने मामांना निरोप धाडला, बैठक नको.

पलीकडे न्यायला कितीतरीजण होड्या घेऊन आले होते, पण थोरलीने कोणाला पुढे येऊ दिलं नाही. तिच्या लहान होडीत भावजय पेटीला टेकून बसली आणि मधल्या फळीवर धाकटा. काठावर सगळं गाव उभं होतं, आणि या वेळीही कोणाला काही बोलायचं सुचत नव्हतं. सुताराने होडी ढकलून दिली.

सरळ गेलं असतं तर पलीकडचा काठ जवळ होता. पण मधे राखलेलं पाणी होतं, म्हणून थोरलीने लव्हाळी डाव्या हाताला ठेवून लांबचा वळसा घेतला. तिला घाईही नव्हती. धाकटा दोन्ही पंजे मांडीवर ठेवून बसला होता. होडीत रिकाम्या हाताने बसलेला तो तिने कधी पाहिला नव्हता. लहानपणीसुद्धा तो एखादी काठी पाण्यात घालून वल्हवल्याचं सोंग करायचा. आता वारा अंगावर येऊ लागला आणि होडी कलली, तेव्हा त्याचे खांदे आपसूक पुढे झाले, जसे वल्हं ओढताना होतात. पंजे मात्र मांडीवरच राहिले. थोरलीला धाप लागली होती. तिने ती त्याला कळू न द्यायचा प्रयत्न केला, आणि त्यानेही न कळल्यासारखं केलं.

"तिसऱ्या मजल्यावरून तळं दिसतं म्हणे," तो एकदा म्हणाला.

"सगळं?"

"एक कोपरा."

पलीकडे उतरल्यावर भावजय वाकून थोरलीच्या पाया पडली आणि मग तिने तिला गच्च मिठी मारली. जावई पेटी घ्यायला आला होता. तो आणि भावजय पेटी धरून वर रस्त्याकडे गेले. धाकटा खाली राहिला.

"जा आता. वारा वाढतोय," तो म्हणाला.

थोरली होडीत बसली आणि वल्हं काठाला टेकवून तिने जोर लावला. होडी हलली नाही. उतरताना ओझ्याने ती चिखलात चांगलीच रुतली होती. तिने पुन्हा जोर लावला. धाकटा पटकन दोन पावलं पुढे आला, पाण्यात शिरला, वाकला. होडीच्या लाकडापासून वीतभर अंतरावर त्याचे हात थांबले.

त्याने ते मागे घेतले. सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरले.

"डावीकडून रेट लाव, ताई," तो म्हणाला. "डावीकडे चिखल कमी आहे."

तिने डावीकडे टेकून रेटलं. वल्हं चिखलात रुतलं, ते उपसून काढलं, पुन्हा रेटलं. घाम डोळ्यांत उतरला, दुसरंही काही उतरलं असेल. मधेच थांबून तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तसाच उभा होता, गुडघाभर पाण्यात, हात मागे बांधून, आणि तिचा शब्द पाळत होता.

"आणखी एकदा," तो म्हणाला. "निघेल. निघतेय बघ."